हुंगायची कणीक

९ जून

मावशीबाई,

खारू तुमच्याकडची सुट्टी संपवून सुखरूप घरी पोचली. गाडीत उलटी झाली नाही, खिडकीशी जागा मिळाली, तुम्ही दिलेला खाऊ संपला. कळवायची रीत म्हणून कळवलं. आता मुद्द्याचं.

फोन न करता पत्र का, ते तुम्हाला ठाऊक आहे. फोनवर मी आवाज चढवते, तुम्ही मुळूमुळू रडता आणि विषय बाजूलाच राहतो. कागदावर दोघींचीही सोय होईल.

पोर आल्यापासून बॅग रिकामी करू देत नाही. लागेल तो फ्रॉक काढते, धुऊन वाळला की घडी घालून पुन्हा बॅगेत. कपाटातला तिचा कप्पा मोकळाच. मी दोनदा सांगून पाहिलं, तर बॅगेवर चढून बसली. मग परवा ती अंघोळीला गेली असताना मीच उघडली. कपड्यांच्या तळाशी बिस्किटांचा पत्र्याचा डबा, त्यात प्लॅस्टिकच्या कागदात गुंडाळलेला तुमच्या त्या खेळायच्या कणकेचा एक गोळा. बाकीचे रंगीत गोळे तिने आल्या आल्या जिन्यातल्या पोरांना वाटून टाकले. हा नाही वाटला. याला रंगही नाही, नुसता पांढरट.

रोज जेवण झालं की ती डबा काढते, झाकण उघडते, नाक आत घालते, डोळे मिटते. मग झाकण गच्च लावून डबा परत कपड्यांखाली. मी विचारलं, "अगं, खेळ की त्याच्याशी." म्हणाली, "हा खेळायचा नाही." "मग काय करायचा?" "हुंगायचा." "कसला वास आहे त्याला?" यावर तिने माझ्याकडे असं पाहिलं की जणू मी तिची थट्टाच करतेय.

मी हुंगला. मैदा आणि मीठ, याखेरीज काही नाही.

आता मला सांगा, पोरीला ज्याचा वास येतो आणि मला येत नाही असं त्यात काय आहे? माझी वहिनी गुलाबाची पावडर लावायची, ती खोलीभर दरवळायची, हे मी विसरलेले नाही. तुम्ही तिच्या सख्ख्या बहीण, तुमच्याकडे डबी असणार. आई गेली तेव्हा खारू जेमतेम तीन वर्षांची होती. तिला आईचा चेहरा आठवत नाही, पण नाकाचं सांगता येत नाही. पुढच्या महिन्याच्या सुरुवातीला माझा भाऊ जहाजावरून उतरतोय आणि पोर कायमची माझ्याकडे राहणार की तुमच्याकडे, ते ठरवणार आहे. नेमकं याच सुट्टीत तुम्हाला हे सुचावं, हा योगायोग मला पचत नाही.

त्या गोळ्यात काय घातलंत, तेवढं कळवा.

खारूची आत्या


१४ जून

आत्याबाई, नमस्कार.

तुमचं पत्र वाचून आधी हसू आलं. दुसऱ्यांदा वाचल्यावर आलं नाही.

माझ्या पुढच्या खोलीत दर सुट्टीत आसपासची पोरं खेळायला येतात, हे तुम्हाला माहीत आहे. त्यांच्या आया कामाला जातात आणि मी त्यांना गुंतवून ठेवते, हाच माझा धंदा. कणीक त्यासाठीच करते. यात जादूटोणा नाही. कृती देते, तुम्हीच करून बघा.

दोन वाट्या मैदा, एक वाटी बारीक मीठ, दोन चमचे तेल, चमचाभर लिंबाचं सत्व, दोन वाट्या पाणी. जाड बुडाच्या पातेल्यात सगळं एकत्र करून मंद आचेवर ढवळत राहायचं. आधी लापशीसारखं होतं, मग गुठळ्या धरतात आणि आता फसलं असं वाटतं, तेव्हाच ढवळणं सोडायचं नाही. कडा सोडून गोळा झाला की ताटात काढायचा, हाताला सोसेल इतका निवला की मळायचा. रंग आणि वास सगळ्यात शेवटी, नाहीतर वास वाफेबरोबर उडून जातो. लाल गोळ्यात स्ट्रॉबेरी, पिवळ्यात लिंबू, हिरव्यात पुदिना, तपकिरीत दालचिनी. मीठ इतकं असतं की पोरं एकदा चाटतात आणि पुन्हा तोंडात घालत नाहीत.

तो पांढरा गोळा शेवटच्या दिवशीचा उरलेला असेल. रंग संपले होते. पोरांचं काय, कशालाही जीव लावतात. आमच्याकडे एक मुलगा चपलेच्या खोक्याला घेऊन झोपतो.

गुलाबाची पावडर माझ्याकडे नाही. ताईची डबी मी ठेवली असती तर ती खारूला लपूनछपून कशाला दिली असती, तिच्या आईची वस्तू आहे म्हणून सरळ हातात दिली असती.

आणि एक विचारते, राग मानू नका. सहा वर्षांच्या पोरीचीही बॅग तिचीच असते. ती अंघोळीला गेल्यावर उघडायची वेळ तुमच्यावर का यावी? माझ्याकडे तिने पहिल्याच दिवशी सगळे कपडे स्वतः कप्प्यात लावले होते. तुमच्याकडे ती बॅग भरून ठेवते, याचा अर्थ मी सांगायला हवा का?

खारूची मावशी


२० जून

मावशीबाई,

मैदा वाटीने, तेल चमच्याने, सगळं मोजून सांगितलंत, आणि ज्या गोळ्याबद्दल विचारलं तो "उरलेला असेल". कणीक मळणाऱ्या बाईला स्वतःचा गोळा आठवू नये? इथेच तुम्ही फसलात.

तुमच्या कृतीने कणीक केली. पहिल्या वेळेला पातेल्याच्या बुडाला अशी चिकटली की पातेलं अजून भिजतंय. दुसऱ्यांदा जमली. मिश्रणं कालवायला तुमच्याकडून शिकायची माझ्यावर वेळ नाही म्हणा, दातांच्या दवाखान्यात फिलिंगचं सिमेंट कालवण्यातच माझी उमर गेली. सगळीच्या सगळी पांढरी ठेवली, निम्मी बिनवासाची आणि निम्मीत व्हॅनिला घातला. खारूसमोर दोन्ही गोळे ठेवले. तिने दोन्ही हुंगले, शहाण्यासारखे बाजूला सारले आणि म्हणाली, "छान आहेत आत्या, पण हे ते नाही." माझं मन राखून बोलली, हे जास्त लागलं.

मग त्या डब्यातल्या गोळ्याचा चिमूटभर तुकडा कागदात घेऊन दवाखान्यात गेले. आमचे डॉक्टर काही साधे नाहीत, रोग्याने तोंड उघडायच्या आधी त्याची किडलेली दाढ ओळखतात. त्यांनी मास्क खाली करून दोनदा हुंगला. म्हणाले, "कणीक आहे. वास कसला?" रोग्यांची नावं घेणाऱ्या मुलीला दिला, तीही तेच म्हणाली. आमचा कवळ्या बनवणारा मागच्या खोलीत बसतो, त्यानेही मान हलवली. म्हणजे माझं नाक धरून चौघांचं एकमत झालं की त्याला वास नाही.

आता उरतं काय? एवढंच, की पोरीला नसलेला वास येतो, म्हणजे तुम्ही तिच्या डोक्यात काहीतरी भरवलंय. "हा गोळा हुंगलास की तुला अमुक दिसेल, तमुक आठवेल", असलं काही. लहान पोरीला असलं शिकवणं वासाच्या पावडरीहूनही वाईट.

बॅगेबद्दल जे लिहिलंत ते वाचलं. त्यावर उत्तर देणार नाही. भाऊ पाच तारखेला येतोय. डबा त्याच्यासमोर उघडून ठेवीन आणि मग खारूलाच विचारीन की हे कुणी शिकवलं. तुम्हालाही यायचं असेल तर या.

खारूची आत्या


२४ जून

आत्याबाई,

तुमचं पत्र आज मिळालं, आजच उत्तर लिहितेय.

मी तिला काहीही शिकवलेलं नाही. हवी ती शपथ घेते. पण माझं एक ऐका. भावोजींसमोर तो डबा उघडू नका. खारूला तर त्यांच्यासमोर काही विचारूच नका. का, ते मला आत्ता लिहिता येत नाही. त्यात तुमच्या वाईटाचं काही नाही, एवढ्यावर विश्वास ठेवता आला तर ठेवा.

तुम्हाला दुसरीकडून कळण्यापेक्षा माझ्याकडून कळावं म्हणून सांगते. भावोजींनी मला मागच्या महिन्यात पत्र पाठवून विचारलं होतं, पोर तुझ्याकडे रमली का. तुमचं कामावर जाणं, दिवसभर तिने घरमालकिणीकडे बसणं, हे त्यांच्या मनात होतं. रमली असेल तर तिथेच ठेवू, असं त्यांनी लिहिलं होतं. रमली आहे, असं मी कळवलं. आमच्या ह्यांनी मागच्या खोलीला रंगही दिलाय, पिवळा. खिडकीला जाळी बसवली.

मी तिला नीट सांभाळीन, याबद्दल तुमच्याही मनात शंका नसणार. दर सणासुदीला नाही, पण सुट्टीला तुमच्याकडे पाठवीन.

डबा तेवढा तिच्या बॅगेत राहू द्या. हात जोडते.

खारूची मावशी


२७ जून

मावशीबाई,

म्हणजे परस्पर सगळं ठरलं आणि मला मात्र मैद्याची कृती पाठवली. रंगही देऊन झाला. तिला माझ्याकडे सुट्टीला पाठवाल, ही तर फारच मेहेरबानी. तीन वर्षं जिची वेणी घालतेय, जिचे पडलेले दात मी डबीत ठेवलेत, ती पोर मला सुट्टीपुरती मिळणार.

तुमचं पत्र वाचलं आणि मी डबा बॅगेतून काढून कपाटावर ठेवला, तिच्यासमोर. हात जोडताय याचाच अर्थ त्यात काहीतरी आहे. उद्याच तो बांधून भावाच्या कंपनीच्या पत्त्यावर पाठवते, उतरल्या उतरल्या त्याच्या हातात पडेल. सोबत तुमची पत्रंही जातील.

खारू रडली नाही. खाली उभं राहून डब्याकडे बघत राहिली. म्हणाली, "मग बाबा आले की मी तिकडे काय हुंगू?" ऐकलंत? तिकडे. तिची जायची तयारी झालीच आहे. मी स्वयंपाकघरात जाऊन भांडी घासली. घासलेलीच पुन्हा घासली.

हे पत्र कालच टाकायचं होतं. टाकलं नाही. आज अठ्ठावीस तारीख, पुढचं आज लिहितेय.

सकाळी डबा टेबलावर घेऊन कापडात शिवायला बसले होते. दवाखान्याला सुट्टी. खालची घरमालकीण नळाचं विचारायला वर आली. या बाईचं नाक तुम्हाला माहीत नाही, कुणाकडे दूध उतू गेलं ते त्या घराच्या आधी तिला कळतं. दारातच थांबली. म्हणाली, "आज तर तुम्ही घरी आहात, मग दवाखान्याचा वास इतका का मारतोय?" म्हटलं, कपडे असतील. म्हणाली, "तुमच्या कपड्यांना तर येतोच, तो रोजचा. हा या डब्यातनं येतोय." तिने झाकण उघडलं आणि मान मागे घेतली. "अहो, लवंगेचं तेल. तुम्ही जिन्यातून गेलात की मागे राहतं तेच. तुमची पोर माझ्याकडे दुपारी झोपते ना, तुमची ओढणी मागून घेते ती कशाला वाटलं?"

मी म्हटलं, चौघांनी हुंगलं, कुणाला वास आला नाही. तिने विचारलं, कोण चौघं? मी सांगितलं. ती खुर्चीत बसून हसली. मला हसू येईना.

आम्ही सिमेंट कालवतो ते लवंगेच्या तेलात. सकाळपासून संध्याकाळपर्यंत. डॉक्टरांच्या बोटांना ते, मुलीच्या टेबलाला ते, मागच्या खोलीतल्या भिंतींना ते. माझ्या अंगाला तो वास येतो हेच मी कधी विसरले, सांगता येणार नाही. दवाखान्यात लागले तेव्हा पहिले काही दिवस डोकं दुखायचं, एवढं आठवतं.

ती बाई गेल्यावर मी डबा तसाच समोर ठेवून बसले. मग कालचं तिचं वाक्य पुन्हा ऐकू आलं आणि मी ते उलटं ऐकलं होतं हे कळलं. पोरीने बॅग भरून ठेवली ती जायची हौस म्हणून नाही. तिला वाटतंय की तिला नेणारच आहेत, कधीही नेतील. आणि तिकडे नेलं तर मी तिच्याजवळ असावी, म्हणून तिने मला डब्यात भरून घेतलंय. खेळली तर वास संपेल म्हणून खेळतही नाही.

फोन केला असता तर आज रडणारी मी असते.

पण माझा प्रश्न सुटला नाही, वाढला. ते तेल त्यात तुम्ही घातलंत. कृतीत लिहिलं नाहीत. कशासाठी घातलंय हे तुम्हाला ठाऊक होतं, नाहीतर भावासमोर डबा उघडू नका म्हणाला नसतात. मग सगळं ठाऊक असताना "रमली" असं कसं लिहिलंत? मला उत्तर हवंय, आणि त्यात "असेल" हा शब्द नको.

आत्या


१ जुलै

ताई,

आत्याबाई लिहायचा धीर होत नाही.

खारू इथे आली तेव्हा पाहुण्यासारखी राहिली. हो मावशी, नको मावशी. कपडे कप्प्यात लावले ते मी सांगितलं म्हणून. दुसऱ्याच दिवशी सगळ्या पोरांबरोबर कणीक मळायला बसली. प्रत्येक गोळा हुंगायची आणि खाली ठेवायची. लिंबू, पुदिना, दालचिनी, सगळं. मी विचारायचे, "हा आवडला?" ती म्हणायची, "चांगला आहे." मला वाटलं, पोर चोखंदळ आहे. मी रोज नवा वास आणायला लागले. आमचे हे म्हणाले, तू कणीक करतेस की अत्तराचं दुकान काढतेस. झोपताना भिंतीकडे तोंड करायची आणि तिची उशी सकाळी ओली असायची. मी ती उन्हात ठेवायचे.

मग माझी अक्कलदाढ सुजली. शेजारणीने सांगितलं म्हणून लवंगेच्या तेलाचा कापूस दाताखाली धरून बसले. खारू खोलीच्या दुसऱ्या टोकाला खेळत होती. तिने मान वर केली, उठून आली आणि माझ्या मांडीवर बसली. ताई, आल्यापासून पहिल्यांदा. माझ्या गालाला नाक लावून झोपून गेली. पाय बधिर झाला तरी मी हलले नाही. मला वाटलं, आली एकदाची ही माझी. लगेच, त्याच दिवशी, मी भावोजींना पत्र लिहिलं. रमली म्हणून. त्या क्षणी ते मला खरंच वाटलं होतं.

सूज उतरली. कापूस बंद केला. दुसऱ्या दिवशी पोर पुन्हा भिंतीकडे तोंड करून झोपली.

तेव्हा मला कळलं. तुम्ही खारूच्या आईच्या आजारपणात आमच्याकडे यायचात, तेव्हा तुमच्या येण्याचा हाच वास असायचा. मला समजायला हवं होतं की आता भावोजींना दुसरं पत्र लिहायचं. ते मी लिहिलं नाही. दात बरा झाला तरी मी तेल लावत राहिले. गालाला, मनगटाला, पदराला. ती माझ्या कुशीत डोळे मिटून तुमच्याकडे जाऊन यायची आणि मी तिला थोपटत राहायचे. तिला माहीत होतं की नाही, कुणास ठाऊक. मला माहीत होतं.

शेवटच्या दिवशी तीच म्हणाली, "एक गोळा बिनरंगाचा कर आणि त्यात तुझ्या दाताचं औषध घाल." मी कारण विचारलं नाही. मळला. इतकं तेल घातलं की डोळ्यांना झोंबत होतं.

काल भावोजींना लिहिलंय. पोर रमली नव्हती, मी रमवली होती, आणि ज्या वासाने रमली तो वास तिच्या आत्याचा आहे, तर आत्याकडेच ठेवा. तुमची शंका चुकीच्या वासावर होती, पण चुकीच्या माणसावर नव्हती.

खोली पिवळी झालीय ती होऊ दे. सुट्टीत तिला पाठवाल का, एवढं कळवा. नाही म्हणालात तरी समजेन.

धाकटी


९ जुलै

धाकटे,

तुला आता अहो-जाहो करत नाही. तू मोठ्या मनाची वगैरे आहेस म्हणून नाही, तुझ्यावरचा निम्मा राग अजून शिल्लक आहे आणि तो अहो-जाहोत नीट करता येत नाही.

भाऊ आला. तुझं पत्र त्याला वाटेतच मिळालं होतं. खारू इथेच राहील असं ठरलं, आणि बोलता बोलता तो असंही म्हणाला की आता लांबच्या फेऱ्या कमी घेईन. बघू. खारूला मी समोर बसवून सांगितलं की तुला कुणी कुठे नेत नाहीये. तिने विचारलं, "कधीच?" म्हटलं, सुट्टीत जायचं आणि सुट्टी संपली की यायचं. तिला ते चाललं.

काल तिची वेणी घालत होते. सहज विचारलं, "मावशीला कसला वास येतो गं?" खरंतर मला कळेना, म्हणून विचारलं. वहिनीच्या आजारपणात मी तुमच्याकडे येत होते, पण तुझ्याजवळ कधी बसले नाही.

ती म्हणाली, "गरम मैद्याचा. आणि ओल्या हातांचा. पण ती त्यावर तुझा लावायची."

म्हणजे पोरीला पहिल्यापासून ठाऊक होतं. मी म्हटलं, "मग तुला बरंच वाटत असेल ना?"

"बरं वाटायचं," ती म्हणाली. "पण मग मावशी कुठे गेली ते कळायचं नाही."

पुढच्या सुट्टीत तिला पाठवतेय. गाडीवर घ्यायला येशील तेव्हा तेल लावून येऊ नकोस.

ताई